धूर नाही म्हणून शेगडी घरात घेऊ नका



थंडी पडली की गावोगावी अंगणात शेकोट्या पेटतात. त्यांचे भय नाही. भय आहे ते रात्री दार लावून घरात घेतलेल्या शेगडीचे. धूर संपला, निखारे लालभडक झाले, आता शेगडी आत घ्यायला हरकत नाही, असे आपण धरून चालतो. नेमकी इथेच चूक होते.

लाकूड, कोळसा, गोवरी, डिझेल किंवा गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत की ठसका लागत नाही. धूर थांबला तरी निखाऱ्यातून हा वायू निघतच राहतो. रक्तात तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू कमी पडतो. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, हातपाय गळतात. झोपलेल्या माणसाला तर हेही कळत नाही.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळात दामन येथे केरळचे ८ पर्यटक असेच दगावले. त्यांत ४ मुले होती. गॅसचा हीटर लावून, दारे-खिडक्या बंद करून सगळे एका खोलीत झोपले होते.

आपल्याकडे जास्त काळजी करायची ती बाळंतिणीच्या खोलीची. वारा लागू नये म्हणून खिडकीला गोणपाट, दार बंद आणि बाजेखाली शेगडी! बाळाचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, म्हणून त्याला हा वायू लवकर बाधतो. शेक द्यायचाच असेल तर दिवसा, दार-खिडकी उघडी ठेवून द्या आणि शेक झाला की शेगडी बाहेर काढा. बाळाला ऊब हवी असेल तर टोपी-मोजे घाला, आईच्या छातीशी धरा. त्याहून चांगली ऊब नाही.

शेगडीजवळ पाण्याची बादली ठेवली की गॅस पाण्यात शोषला जातो, असे काहीजण सांगतात. तसे होत नाही, बरे का! कोंबड्यांच्या पिल्लांसाठी शेडमध्ये शेगडी ठेवली असेल तर राखणदाराने तिथे झोपू नये. जनरेटर घरात वा ओसरीवर लावू नये. विहिरीत डिझेल इंजिन चालू असताना, किंवा नुकतेच बंद केले असताना, खाली उतरू नये. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या बाहेरच बसवावा.

एकाच घरात दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले आणि बाहेर आल्यावर बरे वाटले, तर पित्त किंवा बाहेरची बाधा म्हणून बसू नका. दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. डॉक्टरांना 'खोलीत शेगडी होती' हे आवर्जून सांगा. कारण बोटाला लावायचे यंत्र अशा रोग्याचा प्राणवायू ठीक असल्याचे दाखवते आणि फसगत होते. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मुखवट्याने शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तासात तेवढा फरक पडतो. म्हणून 'आता बरे वाटते' म्हणून घरी थांबू नका.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांना विनंती, की थंडी सुरू होताच हा विषय ग्रामसभेत घ्यावा, देवळाच्या भोंग्यावरूनही सांगावा. बाळंतिणीच्या घरी आशाताई जातातच, त्यांनी बाजेखाली एकदा वाकून पाहावे.

आणि तुम्ही? आज रात्री दाराला कडी घालण्याआधी एवढेच बघा, शेगडी आत आहे की बाहेर.