भाकीत लिहिलं कुणी?

ओव्हनमध्ये बिस्किटं भाजली जात आहेत. एका साध्याशा फ्लॅटच्या स्वयंपाकघरात एक वयस्क बाई बसली आहे आणि निओ नावाचा तरुण दारात अवघडून उभा आहे. फुलदाणीची काळजी करू नकोस, असं ती सहज म्हणते. कुठली फुलदाणी, म्हणून तो वळतो. त्याचा धक्का लागून फुलदाणी खाली पडते आणि फुटते. हे आधीच कसं कळलं, असं तो विचारतो. त्यावर ती म्हणते, खरं डोकं खाणारा प्रश्न वेगळाच आहे. मी बोललेच नसते, तर तू ती फोडली असतीस का?

हा १९९९ सालचा ‘द मॅट्रिक्स’. अंगावर येणाऱ्या गोळ्या चुकवत मागे झुकणारा निओ सगळ्यांना आठवतो; पण लाना आणि लिली वाचोव्स्की यांच्या या चित्रपटाचा जीव त्या स्वयंपाकघरात आहे. तिथे दारावर लॅटिनमध्ये एक पाटी आहे, स्वतःला ओळखायला सांगणारी. ग्रीसमधल्या डेल्फीच्या अपोलो मंदिरावर हाच उपदेश कोरलेला होता, आणि राजेमहाराजे भविष्य विचारायला तिथेच जात.

फुटलेल्या फुलदाणीचा पेच तेव्हापासूनचा आहे. मुलगा बापाला मारील हे डेल्फीत कळलं, म्हणून इडिपसला तान्हा असतानाच डोंगरावर टाकून देण्यात आलं. आणि टाकून दिलं म्हणूनच पुढे त्याला बाप ओळखता आला नाही. कंसाचंही तेच. आकाशवाणी झाली नसती तर देवकी बंदिवासात पडली नसती आणि कृष्ण रातोरात गोकुळात पोहोचला नसता. मराठी घरांत बाळाच्या पाचवीला कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवतात. सटवाई रात्री येऊन नशीब लिहून जाते, अशी श्रद्धा. पण ते लिहिलेलं कुणालाच वाचता येत नाही, आणि त्यामुळेच माणसाचं रोजचं जगणं सुरळीत चालतं. विज्ञानपटातल्या नायकाची अडचण अशी की त्याला ते वाचायला मिळतं.

वाचून तो काय करतो, हा झाला एक प्रश्न. त्याच्यामागे दुसरा उभा असतो, आणि चांगले दिग्दर्शक तिथवर पोहोचतात: हे लिहिलं कुणी आणि त्यात फायदा कुणाचा?

जॉर्ज ल्यूकसने १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ आणला तेव्हा भाकिताचा विषयच नव्हता. त्याच्यावर प्रभाव होता जोसेफ कॅम्बेलच्या १९४९ सालच्या पुस्तकाचा. देशोदेशींच्या पुराणांत नायकाचा प्रवास एकाच साच्यातून जातो, असं त्यात मांडलेलं होतं. ल्यूक स्कायवॉकर हा काकाच्या शेतावर राबणारा पोर. घर जळतं तेव्हा तो बाहेर पडतो. १९९९ च्या ‘द फँटम मेनस’मध्ये मात्र ‘निवडलेल्या’ मुलाचं भाकीत आलं, आणि पाठोपाठ रक्ताची तपासणीही. छोट्या अनाकिनच्या रक्तातल्या सूक्ष्मजीवांची संख्या २०,००० च्या वर भरते आणि त्याचं मोठेपण तिथेच ठरून जातं. ही मालिकेने केलेली मोठी चूक होती. पराक्रम रक्तात मोजता येऊ लागला की शेतावरच्या पोराचं धाडस फिकं पडतं. २०१७ च्या भागात ‘रे’ या नायिकेचे आईवडील अगदी सामान्य निघतात, तेव्हा प्रेक्षागृहात जरा मोकळी हवा आली होती. दोनच वर्षांत पुढच्या भागाने ते मागे घेतलं आणि तिला सम्राटाची नात करून टाकलं. घराण्याची ओढ सिनेमालाही सुटत नाही.

वाचोव्स्कींनी उलटी वाट धरली. ‘द मॅट्रिक्स रीलोडेड’ (२००३) मध्ये निओला समजतं की आपण पहिले तारणहार नाही, सहावे आहोत. यंत्रांविरुद्ध बंड करणाऱ्या माणसांना धीर देणारं तारणहाराचं भाकीत म्हणजे यंत्रांच्याच व्यवस्थेचा भाग होतं, असंतोषाला ठरावीक वाटेने वाहू देण्यासाठी केलेलं. पुढे दोन दारं असतात. एका दारातून गेलं तर मानवजात टिकण्याची हमी, दुसऱ्यातून गेलं तर फक्त प्रेयसीला, ट्रिनिटीला वाचवण्याची एक संधी. निओ दुसरं दार उघडतो. भाकिताच्या बाहेर पडायला त्याला एका माणसावरचं प्रेम पुरतं.

‘मायनॉरिटी रिपोर्ट’मध्ये हाच गुंता पोलिसांच्या कचेरीत येऊन बसतो. फिलिप के. डिक यांच्या १९५६ सालच्या कथेवरून स्टीव्हन स्पीलबर्गने तो २००२ साली केला. २०५४ सालच्या वॉशिंग्टनमध्ये तीन द्रष्टे होऊ घातलेले खून आधीच पाहतात आणि पोलीस गुन्हा घडण्याआधीच माणसाला उचलतात. या पद्धतीवर शंका घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे या पोलिसांचा प्रमुख अँडरटन एक लाकडी चेंडू घरंगळवतो. चेंडू कडेवरून पडणार तोच अधिकारी तो झेलतो. का झेललास? पडला असता म्हणून. पण पडला तर नाहीच! तू अडवलंस म्हणून तो पडणार होता हे काही खोटं ठरत नाही, असा अँडरटनचा युक्तिवाद. ऐकायला बिनतोड वाटतो. पण चेंडूला ‘थांबू का’ असा विचार करता येत नाही, माणसाला येतो.

थोड्याच वेळात भावी खुनी म्हणून अँडरटनचंच नाव येतं. नेमलेल्या क्षणी, नेमलेल्या खोलीत, समोरच्या माणसावर पिस्तूल रोखून तो उभा राहतो. घड्याळातली वेळ उलटते, गोळी सुटत नाही. हात थरथरत असताना तो त्या माणसाला अटकेतले हक्क वाचून दाखवू लागतो. तो माणूस नंतर मरतोच, कारण तो स्वतःच पिस्तूल खेचून घेतो. द्रष्ट्यांनी पाहिलेलं मरण खरं ठरलं, पण अँडरटन खुनी ठरला नाही. नियती आणि कर्तृत्व यांच्यातली रेघ इतकी नेमकी दाखवणारा प्रसंग सिनेमात क्वचितच सापडेल.

फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’मध्ये मात्र हा सगळा विचार सर्वांत कडवट रूप घेतो. १९६५ सालच्या या कादंबरीत वाळवंटातले फ्रेमेन लोक पिढ्यान्‌पिढ्या तारणहाराची वाट पाहत आहेत. ही श्रद्धा त्यांच्यात पेरलेली आहे. बेनी जेसेरिट या स्त्रियांच्या पंथाने, पुढेमागे आपल्यातल्या कुणाला आसरा लागला तर उपयोगी पडावी म्हणून, ती शतकांपूर्वी तिथे नेऊन रुजवली. कादंबरीचा नायक पॉल अट्रायडीस हे पीक कापतो. आकर्षक नेत्यांपासून सावध राहा, हेच हर्बर्टला सांगायचं होतं. पण पुष्कळ वाचकांनी पॉलला डोक्यावर घेतलं. १९६९ च्या पुढच्या कादंबरीत मग पॉलच्याच तोंडी हिशेब येतो: त्याच्या नावाने लढलेल्या धर्मयुद्धात ६,१०० कोटी माणसं मेली.

डेव्हिड लिंचच्या १९८४ च्या चित्रपटाने हा इशारा बाजूला सारला. शेवटी पॉलच्या सामर्थ्याने वाळवंटात पाऊस पडतो आणि भाकीत खरंखुरं ठरतं. कादंबरीत असा पाऊस नाही.

डेनी विल्नवने २०२४ च्या दुसऱ्या भागात तो इशारा परत आणला, आणि त्यासाठी पॉलच्या प्रेयसीला, चानीला बदललं. कादंबरीतली चानी पॉलच्या पाठीशी असते. इथली चानी भाकितावर विश्वासच ठेवत नाही. लोकांना गुलाम करायचं तर त्यांना तारणहाराची वाट पाहायला लावा, हे तिला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच मधला एक प्रसंग पाहवत नाही. विष पिऊन पॉल निश्चेष्ट पडलेला असतो. चानीच्या अश्रूंनी तो जागा होईल असं भाकितात आहे आणि ती तर नकार देते. तेव्हा पॉलची आई आपल्या आवाजाच्या सामर्थ्याने तिला ते करायला लावते. भाकीत खरं ‘होतं’ ते असं, एका मुलीच्या मनाविरुद्ध. पॉल डोळे उघडतो आणि चानी त्याच्या थोबाडीत मारते.

अखेरीला पॉल सम्राट होतो, दुसरीशी लग्न ठरवतो आणि सगळं दालन त्याच्यापुढे गुडघे टेकतं. चानी टेकत नाही. ती तिथून निघते, वाळवंटात एकटी उभी राहते आणि स्वार होण्यासाठी महाकाय वाळूकिड्याची वाट पाहू लागते. तिकडे धर्मयुद्धाला जहाजं निघाली आहेत. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो.