सौर पंपाची पॅनेल धुण्यासाठी नळीची निवड

सौर पंपाच्या पॅनेलवर धूळ साचली म्हणजे वीज कमी निर्माण होते व ऐन पाळीच्या वेळी पंपाचे पाणी घटते. धुलाईसाठी टाकी व लहान पंप बसविलेली हातगाडी आणि पाणी सोडणारा लांब दांड्याचा ब्रश सोयीचा पडतो. परंतु गाडी घेताना सारे लक्ष पंपाकडे जाते. नळी हाती लागेल ती जोडली जाते.

नळी अरुंद असल्यास घर्षणामुळे दाब खर्ची पडतो. मिनिटास २ लिटर पाणी वाहत असता, ३० मीटर लांबीच्या ६ मि.मी. आतील व्यासाच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला १ किलोग्रॅमहून अधिक दाब वाया जातो, ८ मि.मी. नळीत ही घट सुमारे एक-चतुर्थांशच राहते. म्हणून जितकी रुंद तितकी बरी, असे मात्र नाही. तेवढ्याच लांबीच्या १२ मि.मी. नळीत सुमारे ३.४ लिटर पाणी भरून राहते व ते ओझे ओल्या रानातून ओढावे लागते. प्रस्तुत लेखकाने ही चूक एकदा केली आहे!

तेव्हा ८ मि.मी.ची, दोऱ्याची वीण असलेली नळी घ्यावी. साधी नळी उन्हाने मऊ पडून वळणावर चिमटते. धुलाई काच तापण्यापूर्वी, सकाळी करावी आणि नंतर नळी रिकामी करून सावलीत गुंडाळून ठेवावी.