रुळांवरचे बिऱ्हाड

रेल्वेचा डबा म्हटला की महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या कुटुंबांना आठवते ती मे महिन्यातली आजोळची वाट. होल्डॉल, फिरकीचा तांब्या, दशम्यांचा डबा आणि खिडकीसाठी भावंडांची भांडणे. परंतु माझ्या आठवणीतला सर्वांत सुखाचा डबा कोठेच गेला नाही. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून १८७० च्या दशकात उभारल्या गेलेल्या इंदूर-खंडवा मार्गावर, कालाकुंड स्थानकाच्या सायडिंगला, तो चाकांना ठोकळे लावून उभा होता.

आमचे धाकटे काका रेल्वेच्या पूलदुरुस्तीच्या तुकडीत मिस्त्री होते. अशा तुकड्यांना राहण्यासाठी जुने डबे देत; त्यांना ‘कँप कोच’ म्हणत. १९६८ च्या उन्हाळ्यात काकूंबरोबर आम्ही तिघे भावंडे आठ दिवस तेथे जाऊन राहिलो. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. बाकांच्या जागी फळ्यांच्या खाटा, कोपऱ्यात स्टोव्ह, दारापाशी माठ. घाट चढण्यासाठी गाडीला मागून दुसरे इंजिन जोडीत. त्याच्या धडधडीने आमचा डबा थरथरे आणि आता आपणही निघणार, असे वाटून आम्ही उठून बसत असू. डब्याच्या आतल्या बाजूला खडूने ओढलेल्या रेघांच्या ओळी होत्या. तो काही खेळ असावा असे समजून आम्हीही त्यांत दहा-बारा रेघांची भर घातली. काका रागावले नाहीत. त्यांनी आमच्या रेघा तेवढ्या हाताने पुसल्या.

पुढे कित्येक वर्षांनी रेल्वेच्या इतिहासाची पुस्तके चाळताना समजले की, अशा उभ्या डब्यात सुटी घालविण्याची इंग्लंडमध्ये एके काळी रीतच होती. १९३३ साली ‘लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे’ने वापरातून काढलेले दहा जुने डबे आतून बदलून निसर्गरम्य स्थानकांच्या सायडिंगांवर उभे केले आणि आठवड्याच्या भाड्याने कुटुंबांना देण्यास आरंभ केला. सहा माणसांची सोय आणि भाडे अडीच पौंड! पुढच्याच वर्षी आणखी दोन कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. १९३५ मध्ये ‘सदर्न रेल्वे’ही त्यांत सामील झाली.

यात परोपकार कमी आणि हिशेब अधिक होता. दिवस मंदीचे होते, मोटारींमुळे उतारू कमी होत होते. मोडीत निघणाऱ्या डब्यांना भाडे मिळे. शिवाय डबा हवा असेल तर ठरावीक संख्येने रेल्वेची तिकिटे काढलीच पाहिजेत, अशी अट असे. तरीही सामान्य माणसाच्या पदरात या हिशेबाने पुष्कळ काही टाकले. हॉटेलचा खर्च ज्याला झेपत नव्हता, त्याला डेव्हनमधल्या डॉलिश वॉरन येथे समुद्राजवळ सात दिवस स्वतःचे घर मांडता येऊ लागले. १९३८ च्या कायद्याने तेथील अनेक कामगारांना आठवड्याच्या पगारी रजेची वाट मोकळी करून दिली, त्याच सुमारास ही स्वस्त सुटी हाताशी आलेली होती.

डब्यात निजण्याच्या खोल्या, बैठकीची जागा आणि लहानसे स्वयंपाकघर असे. अंथरूण-पांघरूण व भांडीकुंडी कंपनी देई. दिवे तेलाचे, चूल तेलाची. पाणी स्थानकावरून भरून आणावे लागे आणि स्नानगृह-शौचालयही बहुधा स्थानकाचेच वापरावे लागे. आज ही गैरसोय वाटेल; मुलांना मात्र तीच मौज वाटली असणार. पाण्याची बादली दोघांनी मिळून धरून रुळांच्या कडेने चालणे, ही शाळेत न मिळणारी कामगिरी होती.

महायुद्धात ही योजना थांबली. राष्ट्रीयीकरणानंतर ‘ब्रिटिश रेल्वे’ने १९५२ मध्ये ती पुन्हा सुरू केली, १९६० पासून जुने ऐटबाज पुलमन डबेही या कामी लावले गेले. पण तोवर घरोघरी मोटार येऊ लागली होती. १९६३ मध्ये डॉ. रिचर्ड बीचिंग यांच्या अहवालाने दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली. त्यानंतर जे आडवळणाचे फाटे उखडले गेले, त्यांच्याच कडेला हे डबे शोभत असत. १९७१ चा उन्हाळा हा या योजनेचा शेवटचा हंगाम ठरला. पुढे हौसेने जतन केलेल्या काही मार्गांवर, उदाहरणार्थ यॉर्कशायरमधील गोथलँड येथे, असे डबे पर्यटकांसाठी पुन्हा सजविले गेले.

हे सारे वाचताना मला कालाकुंड आठवत राही आणि आपणही नकळत साहेबाच्या मुलांसारखी सुटी भोगली, याचा थोडा अभिमानही वाटे. एक भेद मात्र ध्यानात आला नव्हता. ती इंग्रज कुटुंबे आठवड्याने घरी परतत. काकांचा डबा तेथेच राही.

डिसेंबर २०१८ मध्ये पाताळपाणी ते कालाकुंड अशी वारसा गाडी सुरू झाली, तेव्हा पुढच्या पावसाळ्यात मी मुद्दाम जाऊन आलो. सायडिंगची जागा अंदाजानेच ओळखली. पळसाच्या पानात बांधलेला कलाकंद घेतला आणि परतताच काकूंना नेऊन दिला. काकांना जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. २०२३ च्या प्रारंभी महूपासून पुढचा मीटरगेज मार्ग रुंदीकरणासाठी बंद झाला. तो दिवस पाहायला काकूही राहिल्या नाहीत.

त्या संध्याकाळी काकूंनी पुडी सोडून पहिला तुकडा काकांच्या तसबिरीपुढे ठेवला. मी सहज त्या रेघांचा विषय काढला.

“खेळ कसला रे,” त्या म्हणाल्या, “घरी यायला किती दिवस उरले, ते मोजायचे. दर दिवसाला एक रेघ.”

मी काय बोलणार? थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, “तुम्ही आलात ना, त्या आठ दिवसांत त्यांनी एकही रेघ ओढली नाही.”