जुन्या डीझेल ट्रकची स्वयंचलित गिअरपेटी : पुनर्बांधणी आणि बलवर्धन

अमेरिकेतील डॉज ट्रकांत 1989 साली कमिन्सचे 5.9 लिटरचे सहा सिलिंडरी डीझेल एंजिन प्रथम बसविण्यात आले. याच ‘बी’ मालिकेतील एंजिने पुढे जमशेदपुरास तयार होऊन टाटांच्या मालट्रकांत आली. त्यामुळे एंजिन आपल्या विद्यार्थ्यांस अपरिचित नाही. अपरिचित आहे ती त्याच्या जोडीची गिअरपेटी. एंजिनाची क्षमता 160 अश्वशक्ती, परंतु टॉर्क 400 पौंड-फूट, म्हणजे सुमारे 542 न्यूटन-मीटर; आणि हा टॉर्क मिनिटाला दोन हजारांहूनही कमी फेऱ्यांवर उपलब्ध होई. स्वयंचलित पेटी मागणाऱ्या ग्राहकास क्रायस्लरची तीन गतींची ‘टॉर्कफ्लाइट 727’ मिळे. तिची मूळ रचना 1962 सालच्या पेट्रोल मोटारींची. पुढे तिला चौथी, ओव्हरड्राइव्हची गती जोडली गेली. 47आरएच, 47आरई आणि 2007 पर्यंत चाललेली 48आरई ही सर्व त्याच कुळातील होत. जोडी विषम आहे याची जाणीव निर्मात्यांस असावी. 1996 साली हाताने गती बदलावयाच्या ट्रकांत तेच एंजिन 215 अश्वशक्तीचे होते, स्वयंचलित पेटीच्या ट्रकांत 180 चे.

अशा ट्रकांपैकी पुष्कळ आजही जड गाड्या ओढण्याच्या कामावर आहेत, आणि इंधनपंपात थोडा फेरफार केला की एंजिनाचा टॉर्क सहज वाढतो. पेटी मात्र तीच राहते. ती निकामी झाली म्हणजे ‘झिजलेले काढून नवे घालणे’ यालाच बहुधा पुनर्बांधणी समजतात. आमच्या मते हा दृष्टिकोन अपुरा आहे. पेटी ही एक साखळी आहे. तिची एक कडी बळकट केली की भार नाहीसा होत नाही, तो पुढच्या कडीवर जाऊन बसतो. म्हणून पुनर्बांधणीचा विचार सुट्या भागांपासून न करता टॉर्कच्या मार्गावरून करावयास हवा.

प्रथम क्लच घेऊ. बहुचकती क्लचची टॉर्कक्षमता चार राशींच्या गुणाकाराइतकी असते : घर्षणगुणांक, घर्षणपृष्ठांची संख्या, दट्ट्याने लावलेला जोर आणि चकतीची सरासरी त्रिज्या. त्रिज्या ढोलाच्या मापाने बांधलेली आहे. घर्षणगुणांक अस्तर व तेल यांवर अवलंबून असून त्यात फारशी वाढ संभवत नाही. उरतात दोन. चार घर्षण-चकत्यांच्या जागी पाच बसविल्यास पृष्ठे आठांची दहा होतात व क्षमता पंचवीस टक्क्यांनी वाढते; त्यासाठी ढोलात जागा काढावी लागते आणि पोलादी चकत्या पातळ कराव्या लागतात, म्हणजे उष्णता शोषणारे वस्तुमान घटते. दुसरा मार्ग तेलाचा दाब वाढविण्याचा. मूळ 727 मध्ये पुढच्या गतींत हा दाब थ्रॉटल मिटलेला असता चौरस इंचास सुमारे 55 पौंड आणि पूर्ण उघडता 95 च्या आसपास असे. थ्रॉटलची स्थिती झडपांच्या संचास कळविणारी तार ढिली असली तर एंजिन पूर्ण टॉर्क देत असताना पेटी मात्र अल्प दाबावर काम करीत राहते. किती क्लच केवळ या तारेपायी जळाले असतील!

घसरण का घातक, हे आकड्यांनीच पाहावे. 542 न्यूटन-मीटर टॉर्क वाहत असताना दोन बाजूंच्या वेगांत मिनिटाला 200 फेऱ्यांचा फरक पडला, तर सुमारे 11 किलोवॉट शक्तीची उष्णता होते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ती तेलात मिसळून थंडकापर्यंत पोहोचते. तेथे घसरण हा कार्यपद्धतीचाच भाग आहे. पण कन्व्हर्टरला कुलूप लावणारा क्लच घसरू लागला, तर तीच उष्णता एका पातळ अस्तरावर उमटते. या पेट्यांतील मूळ कुलूप-क्लच एकाच चकतीचा. टॉर्क वाढविला की तोच आधी हात टेकतो. म्हणून बलवर्धनात दोन किंवा तीन चकत्यांचा कन्व्हर्टर बसवितात.

आणि येथेच साखळीचा नियम प्रत्ययास येतो. घसरणारा क्लच वाईट खरा, पण तो एक प्रकारचा फ्यूजही असतो. त्याची घसरण थांबली की संपूर्ण टॉर्क कन्व्हर्टरमागील आदान दंडावर येतो. ट्रक जागेवरून हलताना कन्व्हर्टर टॉर्क जवळजवळ दुप्पट करतो, म्हणजे 400 चे 800 पौंड-फूट या दंडास सोसावे लागतात. कुलूप लागल्यावर ही वाढ थांबते, परंतु तेलाची गादीही जाते. सहा सिलिंडरी चतुर्धाव एंजिनाचे दर फेरीस तीन स्फोटांचे ठोके केवळ कंपशामक स्प्रिंगांतून गाळून दंडापर्यंत येतात. भरीव दंडाचे पिळास होणारे बळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. व्यास दहा टक्के वाढविता आला तर बळ तेहतीस टक्क्यांनी वाढेल. पण खाचांचे माप जुळत्या भागांनी ठरलेले असते. तेव्हा व्यास तसाच ठेवून अधिक बळकट मिश्रपोलादाचा दंड घालणे एवढेच हाती राहते. क्लच आधी आणि दंड ‘पुढे पाहू’ असा क्रम ठेवणाऱ्यास पेटी दुसऱ्यांदा उतरवावी लागते.

दाब वाढविण्याचा आणखी एक परिणाम सहसा दुर्लक्षिला जातो. दुसऱ्या गतीत ज्या ढोलास पट्टा घट्ट धरून ठेवतो, तोच ढोल तिसऱ्या गतीत पुढच्या क्लचने फिरावयाचा असतो. पट्टा सुटणे आणि क्लच धरणे यांत क्षणाचे अंतर चुकले तर दोनच गोष्टी संभवतात : दोन्ही धरून पेटी स्वतःशीच झगडते, किंवा दोन्ही सुटून एंजिन मोकळे उधळते. दाब बदलला की हे अंतरही बदलते. म्हणून झडपांचा संच, पट्ट्याचा दट्ट्या आणि क्लच यांचा एकत्रित हिशेब करावा लागतो. पट्ट्याचा स्क्रू 72 इंच-पौंडांनी आवळून मग ठराविक फेरे सैल करावयाचा असतो. फेऱ्यांची संख्या प्रकारानुसार भिन्न असल्याने ती त्या पेटीच्या पुस्तिकेतूनच घ्यावी.

ओव्हरड्राइव्हचा भाग उघडताना विशेष सावधगिरी हवी. त्यातील क्लच सुमारे 800 पौंड जोराच्या स्प्रिंगने दाबून धरलेला असतो, आणि हा जोर उगीच नाही : उलट गतीत एकदिश क्लच उपयोगी पडत नसल्याने सारा टॉर्क याच क्लचातून जातो. दाबयंत्राशिवाय तो भाग सोडविणे म्हणजे इजेला आमंत्रण होय.

पेटी जोडून झाल्यावर तेलाची पातळी पाहावयाची ती एंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये, पार्कमध्ये नव्हे. मूळ रचनेत पार्कमध्ये कन्व्हर्टर व थंडक यांना तेल पोहोचत नाही, त्यामुळे तेथील पातळी दिशाभूल करते. झडपांचा सुधारित संच बसविणारे कारागीर ही वाट बहुधा मोकळी करून घेतात.