परदेशी चाललात? मिक्सर न्या, फ्रिज देऊन टाका

ज्यांना आजचा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग. विषय एकदम घरगुती आहे. परदेशात राहायला जाताना घरातलं काय न्यायचं आणि काय नाही?

हिंजवडीत काम करत असाल तर टीममधलं कुणी ना कुणी सतत कुठेतरी निघालेलं असतं. व्हिसा, पगार, टॅक्स यावर तासन्‌तास चर्चा होते, पण मिक्सरवर कुणी बोलत नाही. मी आणि माझा नवरा दोन महिन्यांनी जर्मनीत ब्रेमेनला चाललोय. (हो, औंधच्या ब्रेमेन चौकातलं ब्रेमेन तेच!) माझी कॉलेजची मैत्रीण त्याच सुमारास न्यू जर्सीला निघालीय. दोघी वाकडला भाड्याने राहतो आणि सामानही जवळपास सारखंच: फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, इंडक्शन शेगडी, इन्व्हर्टर, बेड, सोफा. तरी दोघींच्या याद्या वेगळ्या निघाल्या. का, ते सांगते.

पहिली चाळणी: वीज

आपल्याकडे घरातली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. जर्मनीतही तेवढीच. म्हणजे माझा मिक्सर तिथे व्यवस्थित फिरणार, फक्त प्लगचा आकार वेगळा. ब्रिटन, सिंगापूर, दुबई, ऑस्ट्रेलिया इथेही साधारण हीच वीज आहे, पिना तेवढ्या वेगळ्या. एक लक्षात ठेवा: तीन पिनांच्या वस्तूला अर्थिंग जोडणाराच अ‍ॅडॉप्टर घ्या. अर्थिंगची पिन नुसती लोंबकळत ठेवणारे स्वस्त अ‍ॅडॉप्टर मिळतात, ते इस्त्री-मिक्सरला नकोत.

अमेरिका आणि कॅनडात मात्र १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. गरम होणाऱ्या वस्तूंचा हिशेब सोपा आहे: व्होल्टेज निम्मं झालं की पॉवर पाव होते. इथली १००० वॅटची इस्त्री तिथे जेमतेम २७० वॅट देणार. कपडे कोमट होतील, चुण्या जाणार नाहीत. मिक्सर मरगळल्यासारखा फिरेल. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण ७५० वॅटच्या मिक्सरला पुरेल असा घेतला तर त्याचंच वजन काही किलो भरतं. त्यापेक्षा तिकडच्या भारतीय दुकानांत ११० व्होल्टवर चालणारे आपल्या पद्धतीचे मिक्सर मिळतात. मैत्रिणीने मिक्सर यादीतून काढला तो यामुळे. २००० वॅटची इंडक्शन शेगडीही तिच्या कामाची नाही, कारण तिथल्या साध्या सॉकेटमधून १८०० वॅटच्या वर मिळत नाही. जपानमध्ये तर वीज १०० व्होल्टच आहे, आणि टोकियोकडे ५० हर्ट्झ, ओसाकाकडे ६०.

मग अंदाज कसा बांधायचा? वस्तू उलटी करा आणि मागचं लेबल वाचा. ‘इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं असेल तर ती वस्तू जगात कुठेही चालेल. लॅपटॉप आणि मोबाइलचे चार्जर बहुतेक असेच असतात. नुसतं ‘२३० व्होल्ट’ असेल तर देश बघून ठरवा.

दुसरी चाळणी: चूल

ही बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही. जर्मनीतल्या फ्लॅटमध्ये बहुतेक वेळा गॅस नसतो, काचेची सपाट इलेक्ट्रिक किंवा इंडक्शन शेगडी असते. इंडक्शनवर भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटायला हवा. फ्रिजवरचा मॅग्नेट काढा आणि घरातल्या प्रत्येक भांड्याला लावून बघा, पाच मिनिटांत निकाल लागेल. साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर नापास. पितळेचं पातेलं नापास. कसब्यातल्या तांबट आळीतून हौसेने आणलेली तांब्याची भांडीसुद्धा नापास, ती शोभेला न्या. कुकर न्यायचाच असेल तर इंडक्शन बुडाचा स्टीलचा न्या.

तिसरी चाळणी: वजन नाही, जागा

विमानात साधारण २३ किलोची एक किंवा दोन बॅगा मिळतात, तिकिटावर नीट बघून घ्या. त्यापलीकडचं सामान कुरिअर, एअर कार्गो किंवा जहाजाने जातं, आणि तिथे नुसतं वजन चालत नाही. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करतात आणि साधारणपणे ५००० ने भागतात. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर पैसे त्या आकड्याचे. म्हणजे ४० × ३५ × ३० सेंटिमीटर खोक्यातला मिक्सर तुमच्या काट्यावर ५ किलो, त्यांच्या हिशेबात ८.४ किलो.

आता लोखंडी कपाट घ्या. १९८ × ९१ × ४८ सेंटिमीटर. भागाकार केला की जवळजवळ १७३ किलो! जहाजाने पाठवलं तर पैसे घनमीटरवर, आणि हे एकटं कपाट पाऊण घनमीटरच्या वर जातं. २० फुटी अख्ख्या कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर मावतं, पण आपल्या टू-बीएचकेचं सामान त्याच्या जवळपासही जात नाही. मग दुसऱ्यांबरोबर कंटेनर वाटून घ्यायचा आणि न्हावा-शेवाहून सामान पोचेपर्यंत आठवडे मोजायचे. तोवर तुम्ही तिथे बेड घेतलेला असतो, कारण जमिनीवर किती दिवस झोपणार?

लाकडाची आणखी एक भानगड. खोक्याला किंवा पॅलेटला कच्चं लाकूड वापरलं तर ते ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून किंवा दुसरी मान्य प्रक्रिया करून त्यावर शिक्का असावा लागतो. लाकडातून कीड जाऊ नये म्हणून हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी तर पोळपाट-लाटणंसुद्धा फॉर्मवर जाहीर करायचं.

चौथी चाळणी: कस्टम्स

‘जाण्याआधी इथे स्वस्तात नवीन घेऊन टाकू’ हा सल्ला तुम्हालाही मिळेल. थांबा. युरोपियन युनियनमध्ये राहायला जाताना घरगुती सामानावर ड्युटी माफ होते, पण सामान किमान ६ महिने वापरलेलं हवं आणि तुम्ही त्याआधी किमान १२ महिने युनियनच्या बाहेर राहत असायला हवं. शिवाय आणल्यावर १२ महिने ते विकता येत नाही. अमेरिकेत घरगुती सामानाला वर्षभराच्या वापराची अट आहे. त्यामुळे जुन्या वस्तूंची बिलं फेकू नका.

तिथलं घरही आधी विचारून घ्या. अमेरिकेत भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये फ्रिज आणि शेगडी सहसा असते. जर्मनीत बऱ्याच रिकाम्या फ्लॅटमध्ये किचनचा ओटासुद्धा नसतो, आधीचा भाडेकरू तो काढून नेतो! म्हणून आम्ही पहिलं वर्ष फर्निचरसकट मिळणारं घर घेतोय.

मग उरलेल्याचं काय?

खरा प्रश्न हा आहे. वीज आणि घनमीटरचा हिशेब एका संध्याकाळी होतो. पुढे अडकायला होतं. बाबा म्हणाले, “कोथरूडला आणून टाक सगळं. परत याल तेव्हा लागेलच की.” त्यांचा फ्लॅट साडेसहाशे स्क्वेअर फुटांचा. तिथे आमचा फ्रिज ठेवला तर आईचा योगा बंद. आणि बंद ठेवलेल्या वस्तू तशाच राहत नाहीत. बंद फ्रिजला बुरशीचा वास लागतो, इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज न होता पडून राहिली की मरते, वॉशिंग मशीनचे रबर कडक होतात. तीन वर्षांनी परत आलो तर हाती भंगार येईल.

मला वाटतं, बाबांना फ्रिज ठेवायचा नाहीये, आम्ही परत येणार याची खूण ठेवायचीय. ते समजल्यावर बोलणं सोपं झालं. मी म्हटलं, “बाबा, एक ट्रंक ठेवते तुमच्याकडे. अल्बम, पुस्तकं, लग्नातली चांदीची भांडी. फ्रिज नको.” ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “ट्रंक मोठी घे.”

बाकीचं आम्ही चालू स्थितीत देतोय. वॉशिंग मशीन घरकाम करणाऱ्या मावशींना. फ्रिज आणि बेड आमच्या जागी येणाऱ्या भाडेकरूंना, कमी किमतीत. किरकोळ सामान मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, तो बुधवारी आणि रविवारी भरतो. बॅटरी भंगारात न टाकता बॅटरीवाल्या दुकानदाराकडे परत. आणि गॅस कनेक्शन विसरू नका: सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा केलं की डिपॉझिट परत मिळतं, त्यासाठी मूळ कागद शोधून ठेवा.

आमच्या बॅगेत काय जातंय? मिक्सर, कारण स्मूदीच्या ब्लेंडरमध्ये पाणी न घालता खोबऱ्याचं वाटण होत नाही. त्याचं पातं असलेलं भांडं चेक-इन बॅगेतच, केबिनमध्ये नाही. पॉवर बँक उलट, केबिनमध्येच. इंडक्शन बुडाचा कुकर, मसाल्याचा डबा, पोळपाट-लाटणं. आणि एक छोटी पिशवी: कुकरच्या दोन रबरी रिंगा, सेफ्टी व्हॉल्व्ह, मिक्सरचा कपलर, भांड्यांच्या झाकणांची रबरं. तुळशीबागेत फिरून सगळं घेतलं, वजन पाव किलोसुद्धा नाही. पण कुकरची रिंग गेली की तिथे अख्खा कुकर निकामी. मैत्रिणीच्या बॅगेतही ही पिशवी आहे, फक्त मिक्सरचे भाग सोडून.

तुम्ही निघणार असाल तर आज एवढंच करा: एक मॅग्नेट घ्या, एक मोजपट्टी घ्या आणि घरभर फिरा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!