कर तोडणारा खिलार

या रे पोरांनो, बसा. आज कारहुणवीची गोष्ट सांगतो. ज्येष्ठी पौर्णिमेला इकडे बायका वडाला सूत गुंडाळतात आणि आपल्या अक्कलकोट भागात, कर्नाटकाला लागून असलेल्या गावांत, बैलांचा सण असतो.

मला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. शिंगं हिंगुळानं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झुली. वेशीत आडवा दोर बांधलेला, त्याला म्हणायचं कर. हलगी कडाडली की बैल उधळायचे. जो आधी कर तोडेल, तो मानाचा. पांढऱ्यानं तोडली तर शाळू पिकणार, तांबड्यानं तोडली तर खरीप, असं जुनी माणसं सांगायची. शाळू पिकतो तो परतीच्या पावसावर आणि काळ्या रानानं धरून ठेवलेल्या ओलीवर. पण त्या दिवशी हे कोण ऐकणार?

त्या साली एका खिलारानं कर तोडली आणि तो थेट गर्दीकडे वळला. लाल मुंडाशाचे एक आजोबा पळत सुटले. लोक ओरडले, ‘आधी मुंडासं काढा!’ काढून काय होणार होतं? रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्या डोळ्यांत तीन प्रकारच्या, बैलाच्या डोळ्यांत दोनच. त्याला लाल रंग वेगळा असा कळतच नाही. तो बुजतो हालचालीला आणि आवाजाला. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त थेट पाठीमागचं नाही. म्हणून बैलाच्या मागून गुपचूप जाऊ नये, लाथ बसते.

बैल शांत झाल्यावर मी त्याच्या मानेवर हात ठेवला. तळवा घामानं ओला झाला. आपल्या वशिंडाच्या गुरांच्या कातडीत घामाच्या ग्रंथी युरोपातल्या गुरांपेक्षा जास्त आणि मोठ्या असतात. केस आखूड आणि गुळगुळीत, आणि शरीरात मुळात उष्णताही कमी तयार होते. म्हणून सोलापूरच्या उन्हात खिलार औताला टिकतो. आणि ते वशिंड म्हणजे काही पाण्याची पखाल नव्हे, आत स्नायू आणि चरबी असते. जू मानेवर बसतं ते त्याच्याच पुढ्यात.

उन्हात टिकण्याचा हा गुण अमेरिकेतल्या पशुपालकांनी हेरला. गीर, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठच्या गुरांच्या वंशातून त्यांनी ‘ब्राह्मण’ नावाची जात तयार केली. तिकडे रोडिओ नावाचा खेळ असतो, उसळत्या बैलाच्या पाठीवर एका हातानं 8 सेकंद टिकून दाखवायचं. त्यातल्या पुष्कळ बैलांच्या अंगात हेच रक्त आहे.

तेव्हा टीव्हीवर तो खेळ लागला, तर माणसाआधी बैलाची पाठ बघा. वशिंड दिसलं, तर त्याचे पूर्वज आपल्याच देशातले, हे पक्कं समजा.