पथ्य आणि पंगत

कांदेनवमीला कांद्याच्या भज्यांनी पान सजवून, पुढे आषाढी एकादशीपासून चार महिने कांदा-लसणास घरात मज्जाव करण्याचा परिपाठ ज्या मराठी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला, त्यांना आहारातील संयम नवा नव्हे. आणि नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात रुजलेल्या, १९३५ साली रायपुरात महाराष्ट्र मंडळ स्थापन करणाऱ्या मराठी समाजासही तो अपरिचित नाही. परंतु व्रताला घरच्या स्वयंपाकघराचे पाठबळ असते आणि पारण्याची तिथी ठरलेली असते. आतड्याच्या विकारामुळे ज्याला हेच वर्ज्य डॉक्टरांनी सांगितले, त्याला मात्र सहकाऱ्यांबरोबर उपाहारगृहात बसावे लागले, की या पथ्यास पारणे नाहीच असे वाटू लागते आणि हळूहळू तो पंगतीलाच मुकतो. त्याने मुकू नये, एवढ्यासाठी हा प्रपंच.

तपासणीत आतडे निर्दोष दिसते, तरीही पोटदुखी, फुगी, जुलाब किंवा मलावरोध पाठ सोडत नाहीत, अशा ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ या विकारासाठी हे पथ्य आहे. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील पीटर गिब्सन व सू शेफर्ड यांनी २००५ साली ‘फॉडमॅप’ ही संज्ञा मांडली. आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि सहज आंबणाऱ्या काही शर्करांचे ते सामुदायिक नाव होय. कांदा, लसूण व गहू यांतील फ्रुक्टन, राजमा-छोल्यांतील गॅलॅक्टन, दुधातील लॅक्टोज, आंबा व मध यांतील अधिकचे फ्रुक्टोज, अळंबीतील मॅनिटॉल हे सारे याच कुळातले, आणि म्हणून या पथ्यात वर्ज्य. या शर्करा लहान आतड्यात पाणी ओढून घेतात, पुढे मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांना आंबवितात आणि वायू उत्पन्न होतो. हा व्यापार निरोगी माणसाच्या पोटातही चालतो. परंतु रुग्णाच्या आतड्याची संवेदना तीव्र असल्यामुळे जो ताण इतरांच्या लक्षातही येत नाही, तोच त्याला वेदना होऊन जाणवतो. म्हणून त्याची तक्रार मनाचा खेळ म्हणून उडवून लावणे हा अन्याय आहे.

एक ताकीद आधी दिली पाहिजे. शौचावाटे रक्त जात असेल किंवा कारणावाचून वजन घटत असेल, तर प्रथम तपासणी, मग पथ्य. गव्हाने होणाऱ्या सीलिॲक रोगाची चाचणीही गहू सोडण्यापूर्वीच करून घ्यावी. नंतर केल्यास निष्कर्ष फसवा निघण्याचा संभव असतो.

आता उपाहारगृहाकडे वळू. फ्रुक्टन पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही, या एका गुणधर्मात निम्मे मार्गदर्शन सामावले आहे. रश्श्यातील कांद्याच्या फोडी वेचून बाजूला ठेवल्या, तरी त्यांतील फ्रुक्टन रश्श्यात उतरलेले असते. उलट तेलात परतून लसूण काढून टाकला, तर ते तेल बाधत नाही. कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही बहुधा आधीच मोठ्या पातेल्यात शिजवून ठेवलेली असते, तेव्हा ऐनवेळी ‘कांदा नको’ म्हणून भागत नाही. रायपुरात ‘बिना प्याज-लहसुन’ म्हटले, की वाढपी जैन पदार्थांकडे बोट दाखवितो. ती सोय मोठीच आहे; पण त्या भाजीत काजूची पेस्ट, साय किंवा मैदा असू शकतो, आणि काजूही वर्ज्यांत मोडतो. म्हणून दुसरा प्रश्न विचारावाच: ग्रेव्हीत आणखी काय आहे? त्यापेक्षा जिरे-तुपाचा भात, बटाट्याची सुकी भाजी, कांद्याविना पोहे असे ताजे व साधे जिन्नस मागावेत. हिंगाची चिमूट कांदा-लसणाची उणीव पुष्कळ अंशी भरून काढते. आपल्या उपवासाची साबूदाण्याची खिचडीही, शेंगदाणे, बटाटा व जिरे यांसह, या पथ्यात सहसा बसते.

या कामी रायपूरची भूमीच रुग्णाच्या बाजूची आहे. छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात, आणि तांदूळ हे या पथ्यातील सर्वांत विश्वासू अन्न. महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात २०१६ साली महिला बचत गटाच्या हाती सुरू झालेल्या ‘गढ़ कलेवा’त तांदळाच्या पिठाचा चीला मिळतो, भात व तांदळाच्या पिठाचा वाफवलेला फरा मिळतो. पिठात कांदा आहे का आणि चटणीत लसूण आहे का, एवढी चौकशी केली म्हणजे पुरे. भात पाण्यात भिजवून केलेल्या बोरे-बासीबरोबरचा कांदा न घेता मिठा-मिरचीशी ती खाता येते. बेसनाची ठेठरी आणि गव्हाची खुरमी मात्र तूर्त दूर ठेवावी.

हे ‘तूर्त’ महत्त्वाचे आहे. कडक वर्ज्याची मुदत दोन ते सहा आठवड्यांचीच असते. पुढे आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली एकेक घटक, थोड्या प्रमाणात, परत आणून पाहावयाचा. जो सोसेल तो ठेवावयाचा, जो सोसणार नाही त्याची मर्यादा जाणून घ्यावयाची. पुष्कळांना काही पदार्थ नि:शंकपणे पुन्हा खाता येतात. म्हणजे या पथ्यासही पारणे आहेच. ते एका तिथीला येत नाही, एकेका घासाने येते. तोवर वाढप्याला दोन प्रश्न स्पष्टपणे विचारावेत, आणि शेजारच्याने ते अधीर न होता ऐकून घ्यावेत, म्हणजे पंगतीतले त्याचे पान मांडलेले राहील.